पितळी चुनाळं

मामा लग्नाचं बोलावणं घेऊन आला तेव्हा त्यानं आमच्या घरचं पाणी घेतलं नाय. तांब्या मीच भरून दिला होता, वर पेला उपडा घालून. मामानं पेला भरला, पाण्याकडं बघितलं आणि तसाच खाली ठेवला. म्हणाला, "तहान नाय पोरी." चैताचं ऊन, फर्दापुराकडून आलेला माणूस, आणि तहान नाय. माझी थोरली काकू जात्यावर बसली होती, तिचं जातं थांबलं. तिनं बघितलं, आणि तिनं बघितलेलं मी बघितलं. तेव्हापासून माझ्या मनात जी पाल चुकचुकली ती आता माझे केस पिकून गळायला आले तरी कधीमधी चुकचुकते.

आमचं गाव पडेगावाच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला. घरात काका, थोरली काकू, माय आणि मी. बाबा, म्हणजे माझा बाप, घरात नव्हता. रझाकाराच्या टायमाला गावातल्या कोणी तरी त्याचं नाव दिलं, की हा निजामाशी लढणाऱ्या झेंडेवाल्यांना भाकरी पोचवतो. पोचवत होता का नाय, मला ठावं नाय. भाकरी मायच करायची, अन् ती कधी बोलली नाय. पोळ्याच्या आधी एका सकाळी बाबा मायला म्हणाला, "अगं, तुझ्या भावाकडं जातो. तिथून हद्द जवळ हाय, वेळ आली तर खानदेशात उतरन. पोळ्याला बैल धुवायला येतोच माघारी." अन् गेला. त्याच्या कमरेला चुन्याची पितळी डबी असायची, चुनाळं म्हणायचो आम्ही. एकदा बैलाचा पाय पडून तिचं टोपण एका बाजूनं चेपलं होतं. साखळीला चुना काढायची काडी होती, आणि बाबानं हौसेनं वासराच्या गळ्यातलं एक बारकं घुंगरू पण त्याच साखळीत अडकवलं होतं. त्यामुळं तो चालला की छुन, छुन वाजायचं. बाबा वेशीतून आत आला की माय त्या आवाजावर तवा चुलीवर ठेवायची. तो दारात यायच्या आत पहिली भाकर फुगलेली असायची.

तो गेला त्याच्या महिन्याभरातच ॲक्शन झाली. मिलिटरी आली, निजामाचं राज गेलं, आणि लपलेले गडी एकेक करून माघारी आले. कोणाच्या दाढ्या वाढलेल्या, कोणाच्या पायाला चिंध्या. बाबा आला नाय. काका दोनदा मामाच्या गावाला जाऊन आला. मामा म्हणाला, दाजी आमच्याकडं पोचलेच नाय. पुढं दोन उन्हाळे गेले. मायनं कुंकू पुसलं नाय आणि गळ्यातलं काढलं नाय. गावातल्या बाया हळदीकुंकवाला तिला बोलवायच्या, पण कुंकू लावताना त्यांचं बोट जरासं थांबायचं. मी त्या बोटाकडंच बघत असायची.

मामा गेल्यावर काकू म्हणाली, "धाकले, जाऊ नको. दोन वर्सं बहीण दिसली नाय याला, आज भावाचं लगीन निघालं म्हणून आठवली व्हय?"

माय भाकर थापत म्हणाली, "धाकल्या भावाचं लगीन हाय. थोरल्या बहिणीनं जायाचं नाय तर कोणी जायाचं?"

"अगं, माणूस निघाला मामाच्या गावाला. मामा म्हणतो पोचला नाय. मग मधी काय जमीन फाटली? त्यांनीच कोणाला तरी दाखवून दिला असंल तर? आता लग्नाचं नाव करून नेतील, अन् भरल्या मांडवात तुझं कुंकू पुसतील. मंग बस."

मायनं भाकर तव्यावर टाकली. "भाकर करपंल, तिकडं बघा जरा," एवढंच म्हणाली. पण काकूचं बोलणं तिनं नाय घेतलं तरी मी घेतलं. मी बारा-तेरा वर्साची होते, शाळेत दुसऱ्या बुकाच्या पुढं गेले नव्हते, पण माणसाच्या तोंडाकडं बघायला शाळा लागत नाय.

वैशाखात आम्ही दोघी निघालो. बैलगाडीनं औरंगाबादपर्यंत, तिथून सर्व्हिस मोटारीनं. मायच्या मांडीवर एक गाठोडं, त्यात भावासाठी टोपी-उपरणं आणि वर कुंकवाचा करंडा. फुलंब्री, सिल्लोड. मोटार थांबली की मी खाली उतरलेल्या, चढलेल्या, झाडाखाली निजलेल्या सगळ्या गड्यांकडं बघायची. एखाद्याची पाठ बाबासारखी दिसायची. मायकडं बघितलं तर ती पदर तोंडावर धरून समोर बघत होती. वाटेत एका गावाच्या कडंला जळकी घरं होती, भिंती उभ्या आणि आत घाणेरीची झुडपं. माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, "ही यांची, अन् पल्याड त्यांची. दोन्हीकडची राख सारखीच." अजिंठ्याचा घाट उतरताना मात्र मायनं पदर काढला. हवा बदलली होती. ती म्हणाली, "बघ गये, इथून माझं माहेर लागलं." तिच्या तोंडावर हसू आलं होतं आणि मला त्याचा राग आला. माणसानं अशा गावाला हसत जावं?

आजीनं दारात आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. माझ्यावरून तीनदा फिरवला, मायवरून दोनदाच. मी मोजलं. मामी म्हणाली, "लई वाळलीस गं पोरी," आणि मामाकडं बघितलं. मामानं दुसरीकडं बघितलं. धाकला मामा, नवरदेव, लेण्यात रखवालीला होता, तो तेवढा मोकळा माणूस. त्यानं मायच्या पायावर डोकं ठेवलं, म्हणाला, "अक्का, मी यांना सांगितलं होतं, अक्का नाय आली तर मी बाशिंग बांधणार नाय. लेण्यातल्या दगडाशी लगीन लावतो म्हणलं." माय हसली. बाकीचं कोणी हसलं नाय. घरभर पुरणाचा वास, अंगणात बाया उपड्या खापरावर मांडे भाजत होत्या, हातावरच फिरवून फिरवून परातीएवढे करत होत्या. तिकडं कळण्याची भाकर, ज्वारीत उडीद घालून दळलेली. मला ती कडू लागली. आज वाटतं ती कडू नव्हती. पण मी त्या घरातला पहिला घास आधी कुत्र्याला टाकला आणि मग खाल्ला, हे खरं. मामीनं बघितलं. तिनं मला काही म्हटलं नाय, आणि तिनं काही म्हटलं नाय याचाही मला संशय आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांगड्या भरायला हुसेनबी आली. डोक्यावर टोपली, पांढरं लुगडं, आणि तिच्या स्वतःच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या. लग्नाचा हिरवा चुडा घरातल्या सगळ्या सवाष्णींना भरायचा असतो. बाया एकेक करून बसत होत्या. माय भिंतीला पाठ लावून उभी होती, पुढं झाली नाय आणि मागंही गेली नाय. तिच्या एका हातात दोन आणि एका हातात तीन बांगड्या उरल्या होत्या, दोन वर्सांत फुटून फुटून राहिलेल्या. नव्या भरायला ती कधी बसली नव्हती. अंगणात सगळ्यांचं बोलणं मंद झालं. भागाआत्या म्हणून भाऊबंदातली एक म्हातारी होती, जिभेची लई तिखट, ती खाकरली.

हुसेनबीनं टोपलीतून मान वर केली. "ओ सोनाबाई, वहाँ काहे को खडी है मा? आव, बैठ."

"माझं राहू द्या बी," माय म्हणाली.

"क्या राहू द्या? मेरे को पूरे गाव के हाथ भरने के है. ढीला छोड हाथ. ढीला. पत्थर के वानी काहे को पकडी है?"

तिनं मायचा पंजा दाबून दाबून एकेक बांगडी चढवली. एक पण फुटली नाय. पण ते करताना ती मायच्या हाताकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यात पाणी होतं. मला वाटलं, हिला काही तरी ठावं हाय. या गावात सगळ्यांना काही तरी ठावं हाय, आणि आम्हा दोघींनाच नाय.

त्याच दुपारी मामीनं मला आत धाडलं. "गये, उतरंडीतल्या तिसऱ्या मडक्यात सुपाऱ्या हायेत, घेऊन ये." आमच्या घरी उतरंडीची मडकी वरून मोजतात. मामाच्या घरी खालून मोजत असतील, हे मला काय ठावं. मी वरची दोन उतरवली आणि तिसऱ्यात हात घातला. आत जवस होतं. जवसात बोटं खोल गेली आणि आतून आवाज आला. छुन.

मी हात तसाच ठेवला. मग बाहेर काढला. चेपलेलं टोपण, काडी, घुंगरू. आतला चुना वाळून खडा झाला होता. बाबा इथं आला होता.

मागं मामा उभा होता. सुपाऱ्यांना उशीर झाला म्हणून आला असंल. त्यानं माझ्या हातात बघितलं आणि दार ओढून घेतलं. मी भिंतीला सरकले.

"तुमीच दिला त्याला?" मी म्हणाले.

"कोणाला?"

"बाबाला. रझाकाराला दाखवून दिला ना?"

मामा उंबऱ्यावर बसला. आडदांड माणूस, पण बसताना पोतं टाकल्यासारखा बसला. "अगं पोरी," म्हणाला, "अंगात हिव भरूनच आला होता. घाटात दोन दिवस पावसात भिजला. घरी ठेवायची सोय नव्हती, रोज कोणी ना कोणी झडती घ्यायचं. शेतातल्या कोपीत ठेवला. काढा दिला, वाकळा घातल्या. चौथ्या दिवशी गेला. जाळावं तर धूर दिसला असता, अन् पाऊस असा की लाकूड पेटंना. मग हुसेनबीचा घरधनी, इमामभाई, तो आला. खड्डा त्यानं खांदला, मला तेवढं खोल खांदता येत नव्हतं. नाल्याच्या काठाला, हिवराच्या झाडाच्या बुडाला. आमी दोघंच. पुढं ॲक्शन झाली, मग त्यांच्या लोकांवर आली. इमामभाई घर सोडून पळाला, तो बी आला नाय. ती बी वाट बघती."

"मग सांगितलं का नाय?"

"आलो होतो सांगायला. तुमच्या गावाच्या विहिरीपर्यंत आलो. तुझी माय पाणी शेंदत होती. कपाळभर कुंकू. मला बघायच्या आत माघारी फिरलो. तुझ्या काकाला तोंडावर खोटं बोललो. त्या घरचं पाणी आता कोणत्या तोंडानं पिऊ?" त्यानं डोळे पुसले. "आता तुला कळलं. तुला सांगायचं तर सांग तिला. माझ्यानं नाय व्हायचं."

एवढं मोठं वझं त्यानं बारा वर्साच्या पोरीच्या हातात दिलं आणि सुपाऱ्या घेऊन गेला. मला तेव्हा रडू आलं नाय. मी चुनाळं परकराच्या नेफ्यात खोचलं आणि नाल्यावर गेले. हिवराच्या बुडाला चार दगड होते. असे चार दगड कोणत्या पण शेतात असतात. हिव भरलं होतं का गोळी लागली होती, मामानं वाकळा घातल्या का दार लावून घेतलं, हे सांगणारा एकटा मामा, आणि दुसरा साक्षीदार परागंदा. मी त्याच्यावर विश्वास ठेवला का? अर्धा ठेवला. अर्धा अजून ठेवायचा राहिलाय.

लग्नाच्या दिवशी सकाळी देवक आणायचं होतं. आमच्यात नवऱ्या मुलाची बहीण आणि तिचा नवरा, दोघांनी पदराला उपरण्याची गाठ मारून मारुतीच्या देवळातून झाडाच्या डहाळ्या आणायच्या. बहिणीच्या नवऱ्याच्या खांद्यावर कुऱ्हाड, तिच्या हातात देवक, वर चौघांनी धोतर धरायचं. ते मांडवात आलं की मग हळद. त्याशिवाय लगीन पुढं सरकत नाय. हलगीवाला, सनईवाला दारात येऊन उभे राहिले. आजीनं मायच्या हातात ताट दिलं. तेवढ्यात भागाआत्या उठली.

"थांबा जरा. जोडा कुठंय?"

आजी म्हणाली, "जावई परगावी हाय, वन्सं."

"परगाव लई लांबचं दिसतंय. दोन वर्सं झाली, माणूस काशीला जाऊन आला असता." दोन-चार बाया पदराआड हसल्या. "मी वाईट बोलत नाय. देवाचं काम हाय, उद्या नव्या नवरीचं काही वाकडं झालं तर मला नाव ठेवाल. गडी परगावी असला तर त्याच्या वस्तूशी गाठ मारायची, ही आपली रीत. पटका, बंडी, काय बी. हाय का त्याची वस्तू? नसंल तर दुसरी बहीण बघा, चुलत बघा. एकल्या बाईच्या हातून देव येत नसतो."

मायचा हात ताटावर तसाच राहिला. तिनं घरून बाबाचं काही आणलं नव्हतं. इतका मान मिळंल हे तिच्या मनातच नसावं. धाकला मामा हळदीच्या पाटावरून उठू बघत होता, "अक्काच आणंल," असं ओरडला, पण त्याला कोण ऐकतं. थोरल्या मामानं माझ्याकडं बघितलं. एकदाच.

माझा हात नेफ्यावर होता. बाबाची वस्तू त्या अख्ख्या मांडवात एकच होती आणि ती माझ्या पोटाला टोचत होती. काढून दिली तर मायला गाठ मारता येत होती, सगळ्यांची तोंडं बंद होत होती. पण काढली की माय ओळखणार. इथं कशी आली, विचारणार. मग देवक नाय आणि कुंकू पण नाय. नाय काढली तर ती अशी भरल्या मांडवात ताट धरून उभी राहणार, आणि कोणी तरी येऊन ते ताट तिच्या हातातून घेणार. मी बोटानं साखळी घट्ट दाबून धरली. घुंगराचा आवाज जाऊ नये म्हणून. पण साखळी बोटातून निसटली, आणि ते एकदा वाजलं. बारीक. हलगीवाला तेवढ्यातच हलगी तापवायला शेकोटीकडं वळला होता, म्हणून मांडवात सगळं शांत होतं.

मायनं मान वळवली. माझ्याकडं बघितलं. मग भागाआत्याकडं.

"त्याची वस्तू पाहिजे ना आत्या?" ती म्हणाली. "हाय की. ही काय शेजाऱ्याची हाय?" आणि तिनं ताट आजीकडं देऊन माझ्या दंडाला धरून मला पुढं ओढलं, भावासाठी आणलेलं उपरणं माझ्या खांद्यावर टाकलं आणि आपल्या पदराची त्याला गाठ मारली. घट्ट, दोनदा. मग कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलून माझ्या खांद्यावर दिली. "चल गये. सरळ चाल."

भागाआत्या तोंड उघडून म्हणाली, "पोरगी? कुऱ्हाड? असं कुठं झालंय का?"

आजी, जी दोन दिवस माझ्या मायकडं धड बघत नव्हती, ती म्हणाली, "आज होतंय, वन्सं. बाजूला व्हा, धोतर धरू द्या." मामानं धोतराचा एक कोपरा धरला. त्याचे हात वर होते म्हणून त्याला डोळे पुसता आले नाय, सगळ्यांना दिसले.

मी पुढं, माय मागं. आमच्या मधे हातभर उपरणं. कुऱ्हाड जड होती, खांद्याला तिचा वळ उठला तो चार दिवस होता. हलगी, सनई, पोरं, धूळ. आणि माझ्या पावलागणिक नेफ्यात छुन, छुन. मला वाटलं एवढ्या गलक्यात कोणाला ऐकू जातंय. पण माय अगदी माझ्या पावलात पाऊल टाकत होती, एकदा पण तिनं गाठ ताणू दिली नाय.

लगीन लागलं. त्यानंतर माय तीस वर्सं जगली. मजुरी केली, खडी फोडली, माझं लगीन केलं. रोज सकाळी मेणावर कुंकू लावलं. ती गेली तेव्हा तिला हिरवं लुगडं नेसवायचं का पांढरं, यावर गावात कुजबूज झाली. मी हिरवं नेसवलं. कोणी मला विचारलं नाय, कारण मी कुऱ्हाड घेतलेली पोरगी हाय हे तोवर सगळ्यांना ठावं होतं.

फर्दापुराहून निघालो तेव्हा मामा मोटारीपर्यंत आला. शिदोरी दिली, गाठोडं टपावर चढवलं, घामानं निथळत उभा राहिला. मायनं आपला तांब्या त्याच्या पुढं केला. "पी दादा."

"तहान नाय सोने."

"पी म्हणते ना. माझ्या हातचं हाय."

मामानं तोंड वर करून सगळा तांब्या संपवला. मायनं रिकामा तांब्या घेतला, पदरानं पुसला आणि मोटारीत चढली. हुसेनबी रस्त्याच्या कडंला टोपली घेऊन उभी होती. दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि दोघींनी आपापले भरलेले हात जरासे वर केले.

मोटार घाट चढायला लागली. खड्ड्यात आदळली की माझ्या नेफ्यात वाजायचं. मी पोटावर हात धरून बसले होते. बराच वेळ माय बाहेर बघत होती. मग बाहेर बघतच म्हणाली, "पोटाशी काय धरलंस?"

"काही नाय."

"वाजतंय."

"काही नाय माय," मी पुन्हा म्हणाले.

तिनं आपल्या पदराचं टोक फाडलं, चार बोटं रुंद चिंधी, आणि माझ्याकडं न बघता माझ्या मांडीवर ठेवली.

"मग गुंडाळून ठेव," ती म्हणाली. "अन् घरी काकूपुढं वाजू देऊ नको."